प्रागमधली पहिली संध्याकाळ: आधी पूल, मग घड्याळ

तुम्ही विचारलंय, की प्रागला संध्याकाळी पाचला पोहोचल्यावर त्याच दिवशी किल्ला, खगोलीय घड्याळ (सूर्यचंद्राची जागाही दाखवणारं), चार्ल्स पूल आणि नदीतली बोट एवढं सगळं बसवता येईल का. किल्ला आधी खोडा. आतलं कॅथेड्रल वगैरे तोवर बंद झालेलं असतं. बोटीत आम्ही बसलो नाही, त्यामुळे त्याबद्दल दुसरं कुणी सांगेल. राहिलं घड्याळ आणि पूल. घड्याळावरून मी २०१८ पासून घरच्या प्रत्येक कार्यात बोलणी ऐकतेय, म्हणून सविस्तर लिहिते.

ह्यांचं सांगलीत घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, चौतीस वर्षं. गल्ल्याच्या मागे भिंतीवर प्रागच्या घड्याळाचं रंगीत चित्र होतं, कुठल्याशा जुन्या कॅलेंडरमधून कापून काचेत बसवलेलं. गिऱ्हाईक खोळंबलेलं असलं की हे डोळ्याचं भिंग न काढता त्याला सांगायचे, की हे १४१० सालचं आहे आणि अजून चालतंय. कादान गावच्या मिकुलाश नावाच्या घड्याळजीनं केलं, आकाशाचं गणित यान शिंडेल या विद्वानाचं. हानुश नावाच्या कारागिरानं ते केलं आणि दुसऱ्या गावात तसं करू नये म्हणून त्याचे डोळे फोडले, ही गोष्ट तुम्हालाही तिथे कुणीतरी सांगेलच. ती खोटी आहे. ह्यांना त्या गोष्टीचा फार राग. खरा करणारा राहिला बाजूला आणि भलत्याचंच नाव शेकडो वर्षं लागलं, म्हणतात.

लेक म्यूनिकला असते. तिच्याकडे गेलो तेव्हा, मे महिन्याच्या मध्यावर, आम्ही दोघंच बसनं प्रागला निघालो. पाचेक तासांचा प्रवास. निघायच्या आदल्या रात्री धाकट्या भाऊजींचा फोन आला. त्यांनी बारा दिवसांत सात देश केलेले. त्यांनी ह्यांना बजावलं, "उतरलास की आधी घड्याळ गाठ, बाकी सगळं नंतर." मी म्हणत होते, आधी हातपाय धुऊ, दोन घास खाऊ, जरा पाठ टेकू. ह्यांच्या पायांना बसमध्ये सूज आलेली. पण धाकट्या भावाचा शब्द आणि चौतीस वर्षांचं ते चित्र, दोन्ही एकाच बाजूला. बॅगा खोलीवर टाकल्या आणि निघालो.

जुन्या चौकात टाऊन हॉलच्या मनोऱ्यापाशी पोहोचलो तर घड्याळ जागेवर नाही. जानेवारीतच दुरुस्तीसाठी उतरवलेलं, आणि त्याच्या जागी मोठा एलईडी पडदा, त्यावर घड्याळाचं हलतं चित्र. घड्याळ चालू आहे का ते लेकीनं तपासलं नव्हतं, आम्ही विचारलं नव्हतं. (ते परत सुरू झालं २८ सप्टेंबरला.) तास भरला तशी माणसं मोबाइल उंच धरून उभी राहिली. हे शेवटपर्यंत मान वर करून बघत होते. मग एवढंच म्हणाले, "चित्र तर दुकानातही होतं."

मला रडू आलं. ह्यांना नाही आलं. तिथे फरसबंदीत पांढरे क्रूस बसवलेत, सत्तावीस. २१ जून १६२१ ला सम्राटाविरुद्ध उठलेल्या सत्तावीस जणांना या चौकात मारलं, त्यांची ती खूण. मी उगाच ते मोजत बसले. मोजून झाल्यावर मीच म्हटलं, चला, नदीवर जाऊ. सांगलीच्या माणसाला असल्या वेळी नदीच सुचते.

कार्लोवा गल्लीतून रमतगमत गेलात तरी पंधरा मिनिटांत चार्ल्स पूल येतो. गल्लीतल्या दुकानांत थांबू नका, चुंबकं आणि टोप्या शेवटच्या दिवशीही मिळतात. पूल अर्ध्या किलोमीटरहून जरा लांब, दोन्ही कठड्यांवर मिळून तीस मूर्ती. इथला राजा चौथा चार्ल्स, त्यानं १३५७ साली ९ जुलैला पहाटे ५ वाजून ३१ मिनिटांनी पायाचा दगड बसवला असं सांगतात. आकडे ओळीनं मांडले की होतात १-३-५-७-९-७-५-३-१. ह्यांनी ते माझ्या तळहातावर बोटानं लिहून दाखवलं आणि म्हणाले, म्हणजे त्यांनीही मुहूर्त काढला होता. तासाभरात पहिल्यांदा चेहरा खुलला.

आम्ही पश्चिमेकडे तोंड करून कठड्याला टेकलो. समोर टेकडीवर किल्ला, त्याच्यामागे सूर्य उतरायला लागलेला. तेव्हा ह्यांनी मला ते घड्याळ समजावून सांगितलं. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती, गिऱ्हाइकांना सांगताना ऐकलं होतं, पण मला म्हणून कधी सांगितलं नव्हतं. तबकडीच्या बाहेरून एक कडं असतं, त्यावर जुन्या वळणाचे १ ते २४ आकडे. ती जुनी बोहेमियन वेळ, म्हणजे प्राग ज्या बोहेमिया प्रांतात आहे तिथली. तिच्यात दिवस सूर्यास्ताला संपतो. सूर्यास्त रोज पुढेमागे होतो, म्हणून ते कडंही वर्षभर सरकत राहतं आणि २४ चा आकडा बरोबर मावळतीच्या वेळेवर येतो. आपल्या पंचांगात वार उजाडताना बदलतो, त्यांचा मावळताना बदलायचा.

पावणेनऊच्या सुमाराला सूर्य किल्ल्याआड गेला. हे म्हणाले, "आत्ता त्या कड्यावर चोवीस वाजले. आपला इथला पहिला दिवस आत्ता सुरू झाला बघ."

मग पुलावरूनच जिना उतरून कांपा बेटावर गेलो. बाकावर बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. पाण्यात दिवे पडलेले. साडेदहापर्यंत उठलो नाही.

भाऊजी अजून म्हणतात, "एवढे पैसे घालून गेलात आणि घड्याळ न बघता आलात, मग प्राग काय बघितलं?" हे उत्तर देत नाहीत, म्हणून मी देते. भाऊजींनी घड्याळ बघितलं, पण बाहेरचं कडं कशासाठी आहे ते त्यांना माहीत नाही, मी विचारलंय. जाऊबाई त्या वेळी सहलीच्या गटातल्या बायकांबरोबर खरेदीला होत्या. नवराबायको म्हणून गेलात तर पहिली संध्याकाळ एका जागी एकमेकांशेजारी काढा. घरच्यांना व्हिडिओ कॉल दुसऱ्या दिवशी करा. पहिल्या संध्याकाळी कुणाचीही यादी हातात घेऊ नका, माझीसुद्धा नाही.

एक मात्र खरं, तुम्ही कुठल्या महिन्यात जाताय ते लिहिलेलं नाही. जूनमध्ये सूर्य सव्वानऊच्या आसपास मावळतो, तेव्हा वेळच वेळ आहे. डिसेंबरमध्ये चारलाच अंधारतं. तेव्हा गेलात तर माझं वरचं सगळं गैरलागू, मग खुशाल आधी चौकात जा. बूट वापरलेले घाला, सगळीकडे दगडी फरशी आहे. नोटा रस्त्यावरच्या माणसाकडून बदलू नका. नोटा बदलायच्या दुकानात बदलल्या आणि भाव वाईट मिळाला असं वाटलं, तर हजार युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करता येतो, पावती जपा. मांस खात नसाल तर तळलेलं चीज आणि बटाटे बहुतेक ठिकाणी मिळतात. मागताना 'स्माझेनी सिर' म्हणायचं.

आणि घड्याळातल्या प्रेषितांच्या (येशूच्या शिष्यांच्या) मूर्ती सकाळी ९ पासून रात्री ११ पर्यंत दर तासाला खिडक्यांमधून फिरतात. म्हणजे पुलावरून परत येताना अकराचा फेरा सहज मिळतो, गर्दीही ओसरलेली असते. तेव्हा खिडक्यांकडे बघून झालं की जरा खाली, बाहेरच्या कड्यावर २४ कुठे आलाय ते बघा, आणि मला इथे कळवा. मी ह्यांना सांगेन.