सही करण्याआधी

प्रिय,

तुझं पत्र काल रात्री दोनदा वाचलं. खजिनदाराच्या हिशेबातली तूट, ती झाकायला तुझ्या सहीसाठी पुढे केलेली कोरी पावती आणि त्याच्या गटाचा ‘आपल्या माणसासाठी एवढंही करणार नाहीस का?’ हा प्रश्न. मला पावतीपेक्षा त्या प्रश्नाची धास्ती वाटते. कोणी ‘चोरी कर’ म्हटलं असतं तर तू उठून चालता झाला असतास. त्यांनी निष्ठा मागितली, म्हणून अडकलास.

बायबलमधला १ शमुवेलाचा २२ वा अध्याय पुन्हा काढ. शौल राजा हातात भाला घेऊन झाडाखाली बसलाय, भोवती चाकर उभे. बोलायला सुरुवात कुठून करतो? ‘बन्यामिनी लोकांनो!’ म्हणजे आधी स्वतःचा आणि त्यांचा एकच वंश काढला. मग शेतं आणि द्राक्षमळे कोण देणार, ते. मग ‘तुम्ही सगळे माझ्यावर उलटलात’ हे रडगाणं. शौल ज्याच्या जिवावर उठलाय त्या दावीदाला भाकर आणि तलवार दिली म्हणून याजकांना मारायचा हुकूम सुटतो, आणि शौलाचे स्वतःचे रक्षक हात उचलत नाहीत. उचलतो तो दवेग, अदोमी, बाहेरचा. त्या दिवशी ८५ याजक पडले. शास्त्र सांगत नाही, हा माझा तर्क: बाहेरच्याला आपलेपण सिद्ध करायची घाई जास्त असते. तू त्या गटात नवा आहेस. सही नेमकी तुझ्याकडेच का मागितली?

‘देव समजून घेईल’ हे त्यांचं वाक्य सोडून दे. ‘खोटी साक्ष देऊ नकोस’ या आज्ञेला ‘आपली माणसं वगळून’ अशी पुरवणी नाही.

पण त्या रक्षकांबद्दलही मला पूर्वीइतकं कौतुक राहिलेलं नाही. त्यांनी मारलं नाही, दवेगाचा हातही धरला नाही. मी एका कमिटीत असताना व्हाउचरवरचा आकडा खोडलेला पाहिला होता. मी सही केली नाही, तोंडही उघडलं नाही. ठपका कारकुनावर आला. तो मान खाली घालून टेबलाचा खण रिकामा करत होता आणि मी चहा पीत होतो. पाहून-जाणूनही साक्ष न देणाऱ्याला लेवीयाच्या ५ व्या अध्यायात दोषीच धरलंय. तो अध्याय मी फार उशिरा नीट वाचला.

तेव्हा सही नको, आणि गप्पही बसू नकोस. आधी खजिनदाराला एकट्याला गाठ. मत्तयाचा १८ वा अध्याय तेच सांगतो. पावती फाडू नकोस, तशीच कोरी त्याच्या पुढ्यात ठेव. काय म्हणाला ते मला कळव.

तुझा,
काका