साठीनंतर मॉरिशस, आणि हातात गळ

मॉरिशसला कायमचं राहायला जायचं आणि उरलेलं आयुष्य मासे पकडत घालवायचं, असा बेत करणाऱ्यांच्या पत्रांतून निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. बहुतेकांना मार्लिनबद्दल, म्हणजे भाल्यासारख्या तोंडाच्या मोठ्या समुद्री माशाबद्दल, विचारायचं आहे. भाडं, डॉक्टर आणि बायकोचं मत यांबद्दल फार थोडे विचारतात, म्हणून त्या पत्रांना जागा जास्त दिली आहे.

प्रश्न : मी ६१ वर्षांचा, बँकेतून निवृत्त, राहणार ठाणे. पेन्शन, थोडं भाडं आणि मुदत ठेवींचं व्याज एवढं उत्पन्न आहे. मॉरिशसमध्ये राहण्याची परवानगी मिळेल का? पैसे कसे न्यायचे?

परवानगी मिळू शकते. वय ५० च्या वर असेल तर निवृत्त परदेशी नागरिकांसाठी वेगळा निवास परवाना आहे. अर्ज त्यांच्या इकॉनॉमिक डेव्हलपमेंट बोर्डाकडे करायचा. २०२० पासून हा परवाना १० वर्षांचा झाला. पत्नी अवलंबित म्हणून सोबत राहू शकते. मुख्य अट एकच : दरमहा ठरावीक डॉलर बाहेरून तिथल्या बँकेत आले पाहिजेत. बरीच वर्षं ही रक्कम १,५०० डॉलर होती, पण तुम्ही गणित मांडाल ते २,००० च्या पुढे धरूनच मांडा. अर्जाच्या दिवशी बोर्डाच्या संकेतस्थळावर असेल तोच आकडा खरा. एजंटाच्या माहितीपत्रकातला आकडा मोजू नका. या परवान्यावर नोकरी करता येत नाही, हेही ध्यानात ठेवा. 'पर्यटकांना बोटीवर नेऊन चार पैसे मिळवीन' असं मनात असेल तर ते काढून टाका.

आता पैसे. भारतात निवासी असेपर्यंत रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली माणशी वर्षाला २,५०,००० डॉलर पाठवता येतात. आर्थिक वर्षात १० लाख रुपयांच्या वर जे पाठवाल त्यावर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ गोळा केलेला आयकर, कापते. हा कर बुडत नाही, विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसे अडकून पडतात. एकाच पॅनवरून २५ लाख पाठवले तर ३ लाख अडकतील. तेच नवराबायकोने आपापल्या पैशातून साडेबारा-साडेबारा लाख पाठवले तर दोघांचे मिळून १ लाख. पैसे मात्र खरोखर ज्याचे त्याचेच असावेत.

कायमचे निघालात की बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं रुपयांतलं खातं, करून घ्या. पुष्कळ लोक हे टाळतात आणि नंतर बँकेशी भांडत बसतात. पेन्शन, भाडं, व्याज असं चालू उत्पन्न कर भरून झाल्यावर एनआरओमधून बाहेर नेता येतं. घर विकलं वगैरे मोठी रक्कम असेल तर वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत मुभा आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत अनिवासी झाल्यावर नव्याने पैसे घालता येत नाहीत.

एक खोच फार कमी जणांना ठाऊक असते. नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्याला आयकरात निघण्याच्या वर्षी जी १८२ दिवसांची सवलत मिळते (त्या वर्षी भारतात १८२ दिवसांपेक्षा कमी राहिला तर तो अनिवासी धरला जातो), ती नुसतं राहायला जाणाऱ्याला मिळत नाही. त्यामुळे मार्चअखेरीस सामान बांधणं आणि सप्टेंबरात बांधणं यांत फरक पडतो. पुढच्या वर्षांतही भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल तर अनिवासी राहण्यासाठी इथे येऊन राहायचे दिवस १२० च्या आत ठेवावे लागतात. तारीख ठरवण्याआधी चांगल्या सीएची एक बैठक घ्या. हयातीचा दाखला 'जीवन प्रमाण'वरून किंवा भारतीय उच्चायोगातून देता येतो. त्याची काळजी नको.

प्रश्न : आमचे हे निवृत्त झाल्यापासून मॉरिशसचे मासे एवढाच विषय काढतात. मला पाण्याची भीती आणि मासे खाण्यापुरतेच आवडतात. तिथे मी करायचं काय? (पुणे)

ताई, या गठ्ठ्यातला सगळ्यात शहाणा प्रश्न तुमचा आहे. जरा विस्ताराने सांगते.

मासेमारीचा दिवस आठवड्यात एखादाच असतो. भाड्याची बोट महाग असते, वारा असतो, कंबरही असतेच. उरलेले सहा दिवस तुम्ही दोघं एका घरात असणार. म्हणून घर कुठे घ्यायचं हा निर्णय तुमचा असू द्या. यजमान नकाशावर पश्चिमेकडच्या रिव्हिएर न्वार, म्हणजे ब्लॅक रिव्हर, किंवा ल मोर्नवर बोट ठेवतील. जागा सुरेख आहे, पण महागडी. शेजार दक्षिण आफ्रिकन आणि फ्रेंच. भाजीसाठीही गाडी काढावी लागते. फ्लिक-आँ-फ्लाकला बस आहे, दुकानं आहेत, चालायला लांबच लांब किनारा आहे. वरच्या पठारावर कात्र बोर्न किंवा रोझ हिलला हवा थंड, भाडं कमी आणि आठवडी बाजार भरलेला. कोथिंबीर, कढीपत्ता, दुधी, तोंडली सगळं मिळतं. तिथून पश्चिम किनारा गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर. गरवायला, म्हणजे गळ टाकायला, त्यांना जावं लागेल तेवढं लांब, पण तुम्हाला शेजार मिळेल.

मराठी माणसांचं म्हणाल तर ती तिथे एकोणिसाव्या शतकापासून आहेत. रत्नागिरी आणि आसपासच्या भागांतून उसाच्या मळ्यांवर गेलेल्या गिरमिटियांच्या या पुढच्या पिढ्या. कास्कावेलसारख्या पश्चिमेकडच्या गावांत त्यांची जुनी वस्ती आहे. गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुटी असते. मोका गावातल्या महात्मा गांधी संस्थेत मराठी शिकवली जाते, मराठी मंडळ्यांचा महासंघ आहे. पण तिथे गेल्यावर पुण्याच्या गप्पा मिळतील अशी आशा ठेवू नका. घरात, दुकानात, बसमध्ये बोलतात ती क्रिओल. मराठी आडनावाच्या आजीबाईसुद्धा तुमच्याशी क्रिओलमध्येच सुरुवात करतील, आणि तुम्ही तिच्यातले चार शब्द बोललात की घरी जेवायला बोलावतील. जायच्या आधी सहा महिने क्रिओल शिका. दोघांनी. फ्रेंच येत असेल तर निम्मं काम झालं.

आणि घर विकत घ्यायची घाई तुमच्याकडून तरी होऊ देऊ नका. परदेशी माणसाला तिथे मुख्यतः सरकारने मान्यता दिलेल्या ठरावीक योजनांमधलं घर घेता येतं. ३,७५,००० डॉलरच्या वरच्या घराबरोबर निवास परवाना मिळतो, हे एजंट पहिल्याच वाक्यात सांगेल. निवृत्तांचा परवाना भाड्याच्या घरावरही मिळतो, हे त्याच्या दहाव्या वाक्यातही येणार नाही. आधी एक पूर्ण वर्ष भाड्याने राहा, त्यात जानेवारी-फेब्रुवारी आलेच पाहिजेत. पर्यटक म्हणून जायला भारतीय पासपोर्टवर आगाऊ व्हिसा लागत नाही, तेव्हा त्याच्याही आधी एकदा उकाड्यात जाऊन या.

प्रश्न : मी मूळचा मालवणचा. लहानपणापासून खडपावर बसून गरवतोय. तिथे वेगळं काय शिकावं लागेल?

पहिलं म्हणजे भरती-ओहोटीचा हिशोब डोक्यातून काढावा लागेल. आपल्याकडे उधाणाला पाणी दोन मीटरच्या आसपास चढतं-उतरतं आणि गरी कधी टाकायची ते त्यावरच ठरतं. मॉरिशसला हा फरक जेमतेम अर्ध्या मीटरचा. तिथे दिवस ठरतो वाऱ्यावर. जून ते सप्टेंबर आग्नेयेचा वारा जोरात असतो आणि पूर्व किनारा, म्हणजे बेल मार, त्रू द'ओ दूसकडची बाजू, फेसाळलेली असते. डोंगरांच्या आडोशामुळे पश्चिम किनारा त्या मानाने शांत. नावाजलेल्या बोटी ब्लॅक रिव्हरला का, याचं एक कारण हे. दुसरं कारण खोली. प्रवाळाची भिंत ओलांडली की समुद्राचा तळ झपकन खाली जातो, किनाऱ्यावरची घरं दिसत असतानाच खाली शेकडो मीटर पाणी असतं. आपल्या अरबी समुद्रात तेवढ्या खोलीसाठी दिवसभर बोट हाकावी लागेल.

मोसम साधारण असा : निळा मार्लिन नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल, वाहू सप्टेंबर ते डिसेंबर, पिवळ्या परांचा कुपा (यलोफिन टूना) मार्च ते मे. पद्धत ट्रोलिंगची. बोट सात-आठ नॉटने चालते, मागे कृत्रिम आमिषं फेस उडवत येतात आणि तुम्ही तासन्‌तास काहीही करत नाही. मग आउटरिगरच्या, म्हणजे बोटीच्या बाजूला काढलेल्या लांब काठीच्या, चिमट्यातून दोरी 'टक्' करून सुटते, रीळ किंचाळायला लागतं, खलाशी बाकीच्या दोऱ्या भराभर गुंडाळतो आणि तुम्हाला खुर्चीत बसवून पट्टा आवळतो. दोरी जात असताना रीळावर हात ठेवायचा नाही, हे खडपावरच्या माणसाला सगळ्यात जड जातं. पकडलेला मासा कोणाचा, हे जेट्टी सोडण्याआधी विचारून घ्या. तो बोटीचा, असा रिवाज तिथे सर्रास आहे. मार्लिन खुणेची चिठ्ठी लावून सोडून द्यायचा असेल तर तेही आधीच ठरवा.

रोजचा आनंद मात्र प्रवाळाच्या आतल्या उथळ पाण्यात आहे. हलका रॉड, गुडघाभर पाणी, सकाळची वेळ. दोन गोष्टी सांभाळा. पायात जाड तळाचे बूट हवेतच. तिथे दगडमासा असतो, स्थानिक भाषेत लाफ. शेवाळलेल्या धोंड्यासारखा पडून राहतो आणि पाठीचे काटे थेट पायात जातात. वेदना असह्य असतात. पाय सोसवेल तितक्या गरम पाण्यात बुडवून ठेवायचा आणि तसंच दवाखाना गाठायचा. दुसरं, प्रवाळातल्या खिंडींच्या तोंडाशी उभं राहू नका. लाटांनी आत आलेलं पाणी तिथूनच बाहेर पडतं, आणि ओढ वरून दिसत नाही.

खाण्याबद्दलही सांगायला हवं, कारण मालवणी माणूस पकडलेलं सोडणार नाही. प्रवाळावरच्या मोठ्या शिकारी माशांत सिग्वातेरा नावाचं विष असू शकतं. मूळ एका सूक्ष्म शैवालात, तिथून लहान माशात, मग मोठ्यात साठत जातं. वास नाही, चव नाही, शिजवून किंवा गोठवून जात नाही. उलट्या-जुलाब होतात, ओठांना मुंग्या येतात, गार पाणी लागलं तर चटका बसल्यासारखं वाटतं. म्हणून मोठा हेकरू किंवा मोठा बाराकुडा हाती लागला तर गावातल्या कोळ्याला विचारल्याशिवाय कढईत घालू नका. खोल समुद्रातल्या कुप्याला ही भीती नाही, पण त्याला पकडल्याक्षणी बर्फ हवा, नाहीतर तो वेगळ्या तऱ्हेने बाधतो.

कायदा : पाण्याखालच्या बंदुकीने मासे मारायला बंदी आहे. १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर ऑक्टोपस पकडायचा नाही. ब्लू बे आणि बालाक्लावा ही सागरी उद्यानं, तिथले नियम वेगळे. २०२३ मध्ये मत्स्यव्यवसायाचा नवा कायदा आला आहे, तेव्हा जुन्या मित्रांच्या सल्ल्यावर विसंबू नका. किनाऱ्यावर ठिकठिकाणी मत्स्यखात्याच्या चौक्या आहेत, तिथे जाऊन विचारा. लोक सौजन्याने सांगतात.

प्रश्न : छोटी बोट विकत घेऊ का? (नाशिक)

नको. बोटीची नोंदणी तिथल्या टुरिझम ऑथॉरिटीकडे, चालवायची तर स्किपरचा परवाना, नांगरायला जागा, विमा, खाऱ्या पाण्याने खाल्लेलं इंजिन, आणि वादळाची सूचना आली की ती ओढून वर घ्यायला चार माणसं. तेवढ्या पैशात वर्षभर दर महिन्याला चांगल्या कप्तानाबरोबर जाता येतं, आणि मासे कुठे आहेत ते त्याला ठाऊक असतं.

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी स्टेंट बसवला आहे. तिथे राहणं शहाणपणाचं आहे का? वादळांचंही ऐकतो.

राहायला हरकत नसावी, पण हे तुमच्या हृदयरोगतज्ज्ञाने म्हणायला हवं, मी नाही. सरकारी रुग्णालयांतली मोफत सेवा तिथल्या नागरिकांसाठी आहे. तुम्हाला खासगी रुग्णालय आणि विमा लागेल. साठीनंतर, जुना आजार असताना, परदेशात चालणारा विमा मिळवणं हेच तुमचं सगळ्यात अवघड काम. घराचं आगाऊ भाडं भरण्याआधी ते उरका. चांगली खासगी रुग्णालयं मोका, फ्लोरेआल अशा आतल्या पठारावर आहेत. ल मोर्नच्या टोकाला घर घेतलंत तर तिथवर पोचायला तासाच्या आसपास लागेल. सरकारी रुग्णवाहिकेचा क्रमांक ११४.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर कप्तानाला निघण्यापूर्वी सांगा. गळ बोटात घुसणं या छंदात नेहमीचं आहे, आणि तुमचं रक्त लवकर थांबणार नाही. मोठ्या माशाशी झुंज एकट्याने द्यायचा हट्ट नको. रॉड दुसऱ्याच्या हाती देण्यात कमीपणा नाही.

वादळांचा काळ नोव्हेंबर ते मेच्या मध्यापर्यंत. इशाऱ्याचे चार वर्ग आहेत. तिसरा लागला की घरात बसायचं, चौथा म्हणजे ताशी १२० किलोमीटरचे झोत नोंदले गेले. घरं बहुतेक काँक्रीटची, कारण १९६० च्या कॅरोल वादळाने लाकडी-पत्र्याची घरं उडवून दिली होती. वाऱ्यापेक्षा आता पुराची धास्ती जास्त. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळात पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या वाहून गेल्या. भाड्याचं घर बघताना मालकाला समुद्र किती जवळ हे विचारू नका, ओढा किती जवळ ते विचारा.

प्रश्न : एवढा खटाटोप करण्यापेक्षा अंदमान काय वाईट? (कोल्हापूर)

काहीच वाईट नाही. महिन्याला २,००० डॉलर बाहेर पाठवणं जड जात असेल तर मी अंदमानच सुचवीन. परवाना नको, रुपयेच चालतात, पेन्शनचं खातं हलवावं लागत नाही. मोठ्या करंग माशासाठी, ज्याला इंग्रजीत जायंट ट्रेव्हली म्हणतात, तिथलं पाणी जगभरच्या गळवाल्यांना ठाऊक आहे. वंडूरच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात मात्र गळ टाकता येत नाही. मोठ्या आजाराला चेन्नई किंवा कोलकाता गाठावं लागतं. पावसाळ्याचे महिने बोटी बांधलेल्या असतात, म्हणून कायम राहायला जाऊ नका. डिसेंबर ते एप्रिल घर भाड्याने घ्या आणि जूनच्या आत कोल्हापूरला परत या.