वसंत पंचमीचा पिवळा गोड भात मोकळा कसा करायचा?

तुमचा प्रश्न असा की साखर घातली की भाताचा एकतर गोळा होतो, नाहीतर शितं चामट होतात. चामट होण्याचं कारण अगदी साधं आहे. साखर पाणी ओढून घेते, त्यामुळे साखर पडल्यानंतर तांदूळ पुढे शिजत नाही. ‘थोडा कच्चा ठेवा, पाकात शिजेल’ असं बिर्याणीच्या सवयीने सांगितलं जातं, ते इथे मुळीच ऐकू नका. शीत बोटांत धरून दाबलं की आत कणी लागता कामा नये.

माझी पद्धत दिल्लीत शेजारच्या पंजाबी काकूंकडून आलेली. एक वाटी जुना बासमती अर्धा तास भिजवायचा. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी उकळून त्यात दोन-तीन लवंगा, चिमूटभर मीठ आणि अगदी चिमूटभर हळद. तांदूळ शिजला की चाळणीत ओतून निथळायचा आणि परातीत पसरून गार करायचा. गरम भात ढवळला की शितं मोडतात, आणि गोळा होतो तो तिथेच. कुकर नकोच.

मग जाड बुडाच्या पातेल्यात तीन चमचे तूप, लवंगा, वेलदोडे, काजू, बेदाणे, सुक्या खोबऱ्याचे पातळ काप आणि अर्धा चमचा बडीशेप. बडीशेप आपल्या साखरभातात नसते, पण पंजाबी भाताची चव तीच. त्यावर एक वाटी साखर, पाव वाटी पाणी. साखर विरघळून पाक बोटाला चिकट लागला की भात घालून हलक्या हाताने वरखाली करायचा.

पाच मिनिटांत भात पातळ दिसायला लागतो, तळाशी पाक डबडबतो. इथेच सगळे घाबरून गॅस मोठा करतात नि ढवळत बसतात. तसं करू नका. पातेल्याखाली तवा सरकवा, झाकण ठेवा, गॅस अगदी मंद. मध्ये एकदाच उलथन्याच्या दांड्याने कडेकडेने हलवा. पंधरा-वीस मिनिटांत पाक आत मुरतो आणि शितांवर चकाकी येते. मग गॅस बंद करून पंधरा मिनिटं झाकण उघडायचं नाही.

केशर शेवटी घाला, पण लिंबू पिळणार असाल तर ते दुधात न भिजवता कोमट पाण्यात भिजवा, नाहीतर दूध फाटतं. रंगाची बाटली मला आवडत नाही. त्याने येतो तो झेंडूचा भगवा, मोहरीच्या फुलांचा पिवळा नव्हे.

आपल्याकडे माघ शुद्ध पंचमीला घरोघरी असा भात होतो असं नाही. पंढरपुरात त्या दिवशी विठ्ठल-रुक्मिणीचा विवाह सोहळा असतो, आणि लग्न म्हटलं की साखरभात आलाच, म्हणून आमच्या घरी ही सोयरीक पटकन जमली. बंगाली मैत्रिणीकडे मात्र सरस्वतीपूजेला खिचडी असते, आणि पूजा होईपर्यंत बोरं खायची नाहीत.

उरलेला भात थंडीत तूप थिजून घट्ट होतो. चमचाभर दूध शिंपडून (लिंबू घातलं असेल तर पाणी) झाकण ठेवून वाफ द्या. लगेच सुटा होतो.