सांगाड्यांना तलवारबाजी कोणी शिकवली?

मागच्या अंकात ‘जेसन अँड द अर्गोनॉट्स’ (१९६३) या ग्रीक पुराणकथेवरच्या चित्रपटाबद्दल आणि त्यातली दृश्यकरामत करणाऱ्या रे हॅरीहाउसेन यांच्याबद्दल लिहिलं होतं. पुतळा जरासा हलवायचा, एक फ्रेम टिपायची, पुन्हा जरासा हलवायचा, या स्टॉप-मोशन पद्धतीने त्यातले राक्षस आणि सांगाडे जिवंत केले आहेत. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काही निवडक प्रश्न या वेळी घेते आहे.

प्रश्न : हायड्रा या अनेक तोंडांच्या राक्षसी सापाचे दात जमिनीत पेरल्यावर सात सांगाडे उगवतात आणि जेसनशी लढतात, तो प्रसंग आम्ही घरच्यांनी दोनदा पाहिला. संगणक नसताना खरी माणसं आणि सांगाडे एकाच दृश्यात कसे आले? तारा लावून नाचवल्यासारखे तर वाटत नाहीत. (सांगली)

तारा नाहीतच. तुम्ही पाहिलंत ते दोन वेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या वेळी झालेलं काम आहे.

आधी माणसांचं चित्रीकरण झालं. तालमीला सांगाड्यांच्या जागी स्टंटमन उभे केले. कुठला वार कधी, कोण कुठे सरकणार, हे सगळं त्यांच्याबरोबर पक्कं बसवलं. मग स्टंटमन बाजूला झाले आणि जेसनचं काम करणारा टॉड आर्मस्ट्राँग आणि त्याचे दोन साथीदार कॅमेऱ्यापुढे एकटेच लढले. समोर कोणी नाही, तरी तलवार मध्येच अडल्यासारखी थांबवायची, मनगटाला हिसका बसल्यासारखा दाखवायचा, नजर नेमक्या उंचीवर ठेवायची. पुढच्या वेळी हा प्रसंग पाहाल तेव्हा सांगाडे सोडा, या तिघांच्या नजरा कुठे जातात तेवढं पाहा.

ही फिल्म घेऊन हॅरीहाउसेन स्टुडिओत बसले. एका छोट्या पडद्यावर मागच्या बाजूने तिची एकच फ्रेम पाडायची. पडद्यापुढे टेबलावर वीतभर उंचीचे सांगाडे. त्यांच्या आत धातूचे सांधे, गोळी आणि वाटीसारखे, म्हणजे वळवाल तिथे घट्ट राहणारे. कॅमेरा आणि टेबल यांच्यामध्ये काच, आणि चित्रातला पुढचा भाग त्या काचेवर काळा रंगवून झाकलेला. सांगाडे जागेवर आणायचे, एक फ्रेम टिपायची, मागच्या पडद्यावरची फिल्म एका फ्रेमने पुढे सरकवायची, पुन्हा सांगाडे हलवायचे. पूर्ण शॉट झाला की कॅमेऱ्यातली फिल्म उलटी गुंडाळायची आणि आता फक्त तो झाकलेला पुढचा भाग त्याच फिल्मवर घ्यायचा. त्यामुळे मागची भिंत सांगाड्याच्या मागे राहते, पुढची जमीन त्याच्या पुढे येते आणि तो बरोबर मध्ये उभा दिसतो. या पद्धतीचं ‘डायनामेशन’ हे नाव १९५८च्या ‘द सेव्हन्थ व्हॉयेज ऑफ सिंदबाद’पासून जाहिरातींत झळकू लागलं. त्या चित्रपटात एकटा लढणारा सांगाडा ‘जेसन’मधल्या सातांपैकी एक आहे. तोच पुतळा पुन्हा कामाला घेतला होता.

आता हिशेब बघा. प्रत्येक सांगाड्याचं एक डोकं, दोन हात, दोन पाय. सातांचे मिळून पस्तीस अवयव, आणि ते दर फ्रेमला त्या तीन माणसांच्या हालचालींशी जुळवायचे. पडद्यावरच्या एका सेकंदाला चोवीस फ्रेम लागतात. काही दिवशी तेरा फ्रेमसुद्धा पुऱ्या व्हायच्या नाहीत, म्हणजे दिवसभर उभं राहून पडद्यावर जेमतेम अर्धा सेकंद. काही मिनिटांच्या या लढाईला साडेचार महिने गेले. मी जाहिरातींसाठी बिस्किटं आणि टूथब्रश याच रीतीने चालवले आहेत. दोन बिस्किटं एकमेकांकडे चालत येणार असली, तरी कुठलं किती सरकलं ते कागदावर मांडून ठेवावं लागायचं. पस्तीस अवयव आणि मदतीला कोणी नाही, हे वाचून मला आजही त्यांच्यापुढे हात जोडावेसे वाटतात.

प्रश्न : हे प्राणी झटके देत चालतात. आमच्या कॉलेजात दाखवलं तेव्हा मुलं हसली. संगणकावरची हालचाल इतकी सफाईदार असताना जुन्याचं एवढं कौतुक कशाला? (पुणे)

झटक्याचं कारण सोपं आहे. खरा घोडा कॅमेऱ्यापुढून धावला तर प्रत्येक फ्रेममध्ये त्याचे पाय थोडे पुसट येतात आणि डोळा त्या पुसटपणाने फ्रेम जोडून घेतो. पुतळा मात्र फोटोच्या क्षणी स्थिर असतो, म्हणून प्रत्येक फ्रेम लख्ख येते. ‘ड्रॅगनस्लेयर’च्या (१९८१) मंडळींनी यावर उपाय काढला. शटर उघडं असतानाच मोटारींनी पुतळा किंचित हलवला, म्हणजे हवा तो पुसटपणा आला. त्याच वर्षी हॅरीहाउसेन यांचा शेवटचा चित्रपट ‘क्लॅश ऑफ द टायटन्स’ आला, जुन्याच पद्धतीने केलेला.

कौतुक मात्र सफाईचं नाहीच. ‘जेसन’मधला टॅलोस हा ब्राँझचा राक्षस घ्या. जेसनचे साथीदार हर्क्युलिस आणि हायलस खजिन्याच्या दालनातून बाहेर येतात. वर चौथऱ्यावर हा अवाढव्य पुतळा गुडघ्यावर बसलेला, निर्जीव. आणि करकर आवाज करत त्याची मान त्यांच्याकडे वळते. बाकी शरीर अजून पुतळ्याचंच, जिवंत झाली ती फक्त मान. टॅलोसची चाल हॅरीहाउसेन यांनी मुद्दाम ताठर ठेवली, कारण धातूचं अंग तसंच हलणार. पुढे जेसन त्याच्या टाचेचं झाकण उघडतो, आतला जीवनरस वाहून जातो, आणि हा राक्षस गळा धरून श्वासासाठी तडफडतो. ज्याला फुप्फुसं नाहीत तो गुदमरतो आहे, आणि पाहणाऱ्याला त्याची दया येते. हा अभिनय आहे. तो कुठल्या नटाने केला, तर टेबलामागे उभ्या असलेल्या त्या एका माणसाने. माझ्या मते या चित्रपटांचं सगळं मोल इथे आहे. पटकथा बेताच्या आहेत, नायक तर पुष्कळदा लाकडी आहेत, हे मी मान्यच करते. पण राक्षस मरताना कसा वागेल याचा विचार तिथे एका माणसाने महिनोन्महिने केलेला आहे. तुमच्या वर्गाला पुन्हा दाखवाल तर सुरुवात टॅलोसच्या मरणापासून करा.

प्रश्न : ‘द गोल्डन व्हॉयेज ऑफ सिंदबाद’मध्ये (१९७३) कालीची मूर्ती जिवंत होऊन खलनायकाच्या हुकुमावरून लढते. बघून वाईट वाटलं. तुमचं मत काय? (ठाणे)

तुमच्या वाईट वाटण्याशी मी सहमत आहे. ज्या देवीची आपल्याकडे पूजा होते, तिला नाव तेवढं ठेवून जादूगाराची हुकुमाची ताबेदार केलं, हे मलाही आवडलेलं नाही.

तरी त्या प्रसंगातलं काम मात्र शिकण्यासारखं आहे. सहा हात, सहा तलवारी. तालमीसाठी तीन स्टंटमन एकमेकांना पट्ट्याने बांधून उभे केले होते, म्हणजे नटांना सहा हातांचा अंदाज येईल. लढाईच्या आधी ती मूर्ती नाचते. त्या नाचासाठी हॅरीहाउसेन यांनी सूर्यकुमारी यांची मदत घेतली. तेलुगू चित्रपटांतल्या गायिका-अभिनेत्री टंगुटूरी सूर्यकुमारी त्या याच, पुढे लंडनला स्थायिक झालेल्या. म्हणूनच त्या मूर्तीच्या हातांना आणि मानेला नाच जाणणाऱ्याचं वळण आहे.

प्रश्न : आपल्याकडे असं काही कोणी केलं होतं का? (नाशिक)

नाशिककरांनी हा प्रश्न विचारावा याचा आनंद झाला. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्याही आधी कुंडीत वाटाणा पेरून ठरावीक वेळाने एकेक फ्रेम टिपली. ‘अंकुराची वाढ’ हा तो छोटा चित्रपट. तो दाखवूनच त्यांनी पुढच्या कामासाठी भांडवल उभं केलं. तिथे हालचाल निसर्गाची होती. पुढे ‘आगकाड्यांची मौज’मध्ये त्यांनी काड्या स्वतःच्या हाताने हलवून चित्रित केल्या, म्हणजे अस्सल स्टॉप-मोशन. हॅरीहाउसेन यांचा जन्म १९२०चा. त्याच्या आधीच आपल्या माणसाने हे करून ठेवलं होतं. याबद्दल आपण फार कमी बोलतो, याची मला मनापासून खंत आहे.

प्रश्न : दहा वर्षांच्या मुलीला घरी असा सिनेमा करायचा आहे. मोबाइल पुरेल का? आम्ही केलेला प्रयत्न सारखा लुकलुकतो. (डोंबिवली)

मोबाइल पुरतो. लुकलुकण्याची कारणं बहुधा दोन. फोन प्रत्येक फोटोला उजेड आपोआप ठरवतो, म्हणून स्क्रीनवर बोट दाबून धरा आणि फोकस-उजेड लॉक करा. दुसरं म्हणजे खिडकी. ऊन सरकत असतं, ढग येतात. पडदे बंद करा आणि एकाच एलईडी दिव्यावर काम करा. मुलीला गडद रंगाचा साधा कपडा घालू द्या, कारण पांढऱ्या कपड्यावरून उजेड परतून बाहुलीवर पडतो आणि ती हलली की तोही हलतो. फोन स्टँडला आणि स्टँड टेबलाला चिकटपट्टीने पक्का करा. पंखा बंद.

बाहुलीसाठी शाडू नको, वाळली की तडे जातात. तेलकट प्लॅस्टिसिन, म्हणजे न वाळणारी खेळाची माती घ्या. आत ॲल्युमिनियमची मऊ तार दोन पदरी पिळून घाला, कडक तार चार वेळा वाकवली की तुटते. पायात टाचण्या खोचून बाहुली सॉफ्टबोर्डवर उभी करा, म्हणजे एका पायावरही तोल जाणार नाही.

पण बाहुली दुसऱ्या आठवड्यात. आधी रुपयाचं नाणं घ्या. सेकंदाला बारा फोटो धरा. सुरुवातीला नाणं केसभर सरकवायचं, मग अंतर वाढवत न्यायचं आणि थांबण्याआधी पुन्हा कमी करायचं. सारख्या अंतराने सरकवलेलं नाणं ओढल्यासारखं दिसतं, असं सरकवलेलं आपणहून निघाल्यासारखं. पाच सेकंदांना साठ फोटो लागतील, तेवढे एका बैठकीत होतात. झाल्यावर मासिकाच्या पत्त्यावर जरूर पाठवा. मी पाहून तिला स्वतः उत्तर लिहीन.