अमेरिकेत राज्याच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश कसे होतात? ते पद किती वर्षं टिकतं?

प्रत्येक राज्याची रीत वेगळी. विस्कॉन्सिनमध्ये लोक त्यांना थेट निवडून देतात, १० वर्षांसाठी. र्‍होड आयलंडमध्ये एकदा नेमणूक झाली की तहहयात. (न्यूयॉर्कमधलं ‘सुप्रीम कोर्ट’ तर खालचं कोर्ट आहे, सगळ्यात वरचं ते ‘कोर्ट ऑफ अपील्स’. तिथल्या बातम्या वाचताना हे लक्षात ठेवा.) मी कॅलिफोर्नियात राहते, म्हणून इथलं सांगते.

इथे ७ न्यायाधीश. किमान १० वर्षं वकील किंवा न्यायाधीश असावं लागतं. गव्हर्नर नाव सुचवतात, तिघांचा आयोग मंजुरी देतो. मग पुढच्या गव्हर्नरच्या निवडणुकीत ते नाव मतपत्रिकेवर येतं: यांना पदावर ठेवायचं का? हो किंवा नाही. समोर दुसरा उमेदवार नसतो. पूर्ण मुदत १२ वर्षांची, ती संपली की पुन्हा हाच प्रश्न.

२०२२ मध्ये अशी चार नावं होती. टपालाने आलेली मतपत्रिका जेवणाच्या टेबलावर घेऊन बसले. गव्हर्नर, सिनेटर, भराभर गोल काळे केले आणि या चार नावांपाशी पेन थांबलं. यांच्यापैकी एकाचाही निकाल मी वाचलेला नव्हता. रिकामं सोडून देणार होते, पण रोझ बर्ड आठवल्या.

१९७७ मध्ये गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी त्यांना मुख्य न्यायाधीश केलं. कॅलिफोर्नियाच्या पहिल्या महिला मुख्य न्यायाधीश, आणि त्याआधी कधीच न्यायाधीश नव्हत्या. गरीब आरोपींच्या सरकारी वकील होत्या, नंतर ब्राउन यांच्या मंत्रिमंडळात शेतीखातं सांभाळलं. त्याच काळात, १९७५ मध्ये, आखूड दांड्याच्या कुदळीवर बंदी आली. मजूर तिला ‘एल कोर्तितो’ म्हणत. आपल्याकडे बायका निदान बसून खुरपतात. इथे लेट्यूसच्या ओळीतून दिवसभर कमरेत वाकून पुढे सरकायचं. पाठ सरळ केली की मुकादमाला लांबूनच दिसायचं. कित्येकांचे मणके कायमचे गेले.

कोर्टात बर्ड यांनी समोर आलेल्या प्रत्येक मृत्युदंडाविरुद्ध मत दिलं. साठाहून जास्त प्रकरणं. नोव्हेंबर १९८६ मध्ये सुमारे दोन तृतीयांश मतदारांनी ‘नाही’ म्हटलं. त्याच मतदानात दोन सहकाऱ्यांचंही पद गेलं. त्यातले क्रूझ रेनोसो हे शेतमजुराचा मुलगा, त्या कोर्टातले पहिले लॅटिनो न्यायाधीश. लोकांना हा हक्क असावाच असं मला वाटतं. पण सबंध कारकिर्दीचा हिशेब एकाच प्रश्नावर झाला, याचं वाईट वाटतं.

त्या रात्री चौघांचा एकेक निकाल शोधून वाचला. दीड वाजला. मगच ते गोल भरले.