वाचकांचे प्रश्न : खोक्यावर नाव नसलेले स्टेशन

चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर छोट्या रेल्वेचे प्लॅस्टिकचे स्टेशन खोक्यासकट मिळाले. झाकणावर ‘मेड इन वेस्टर्न जर्मनी’, ‘डी.बी.जी.एम.’ आणि ‘५१२’ एवढेच छापले आहे. आत दुकानाची चिठ्ठी आहे : हॉर्नबी रोड, बॉम्बे-१, रु. ७-८-०. हे हॉर्नबी कंपनीचे का? नसेल तर बनवणारा कसा शोधायचा? (गिरगाव)

हॉर्नबी नव्हे. हॉर्नबी रोड म्हणजे आजचा दादाभाई नौरोजी मार्ग. जुने नाव अठराव्या शतकातले गव्हर्नर विल्यम हॉर्नबी यांचे. खेळण्यातल्या आगगाड्या काढणारे फ्रँक हॉर्नबी लिव्हरपूलचे, त्यांचा या रस्त्याशी संबंध नाही. ‘डी.बी.जी.एम.’ हेही कंपनीचे नाव नाही. रचनेची नोंदणी केल्याची ती जर्मन खूण आहे. १९४५ पूर्वीच्या मालावर तिच्या जागी ‘डी.आर.जी.एम.’ असे.

आधी काळ ठरवा. ‘वेस्टर्न जर्मनी’ म्हणजे माल १९४९ नंतरचा. किंमत रुपये-आणे-पैमध्ये आहे, म्हणजे चिठ्ठी दशमान नाणी येण्यापूर्वीची, १ एप्रिल १९५७ च्या आतली. जुन्या सवयीचे दुकानदार धरून फार तर वर्षभर पुढे जा. मात्र चिठ्ठी विक्रीचा काळ सांगते, उत्पादनाचा नव्हे. माल फळीवर किती काळ पडून होता ते तिच्यावरून कळत नाही. खोक्यावर कुठे जर्मन पत्ता सापडला तर गावाआधीचा आकडा पाहा : कंसात (१७बी) असे काही असेल तर साधारण १९६१ पर्यंतचे, चार आकडी असेल तर त्यानंतरचे, पाच आकडी असेल तर १९९३ नंतरचे.

मग प्रमाण, म्हणजे खऱ्या वस्तूच्या कितव्या हिश्शाचे ते. इमारतीची उंची मोजू नका. टेबलावर मावावी म्हणून कारखानदार मजले आणि रुंदी सर्रास आखडत असत. दार मोजा. खरे दार दोन मीटर धरले तर छोट्या रेल्वेच्या एचओ या प्रमाणात (१:८७) ते सुमारे २३ मिमी भरते, इंग्लिश ओओमध्ये (१:७६) २६, जर्मन ओ गेजमध्ये (१:४५) ४४. एचओ आणि ओओ दोन्ही १६.५ मिमीच्याच रुळांवर धावतात, त्यामुळे सोबत मिळालेल्या रुळांवरून निष्कर्ष काढलात तर फसाल.

आता खुणा. खोली अंधारी करून टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा आणि छताची आतली बाजू, तळ, धुराड्याचे बूड तपासा. पुसट उठाव दिसला तर वर पतंगाचा कागद ठेवून मऊ पेन्सिल आडवी फिरवा, अक्षरे उमटतात. अक्षरांऐवजी नुसता उंचावलेला कोरा चौकोन दिसला तर तो फार महत्त्वाचा. साच्यात कोरलेले जुने नाव घासून काढले की तिथे खळगा होतो आणि वस्तूवर तो असा उंचवटा म्हणून येतो. म्हणजे साचा दुसऱ्याला विकला गेला असावा. असे नेहमीच घडे; एअरफिक्स या इंग्लिश कंपनीची सिग्नल केबिन पुढे डॅपॉल या दुसऱ्या कंपनीच्या नावाने निघालीच.

शोध वगळण्यापासून सुरू करा. फॉलर, फोल्मर, किब्री या छोट्या घरांच्या जर्मन कंपन्यांच्या त्या वर्षांतल्या कॅटलॉगांची पाने पाहा आणि चित्र व क्रमांक दोन्ही जुळल्याशिवाय होकार देऊ नका. ५१२ हा आकडा कुणाच्याही यादीत असू शकतो. जुळले नाही तर लिलावांच्या जर्मन संकेतस्थळांवर ‘बानहोफ’ (स्टेशन) या शब्दाचे जर्मन स्पेलिंग आणि क्रमांक टाका. विकणाऱ्याने लिहिलेल्या नावापेक्षा त्याच्या खोक्याच्या फोटोवर भरवसा ठेवा, कारण निनावी घर दिसले की लोक फॉलर लिहून मोकळे होतात. मुंबईच्या बाजूने दुकानाचा माग काढायचा तर टाउन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात जुन्या इंग्रजी दैनिकांचे डिसेंबरचे अंक चाळा. नाताळाच्या जाहिरातींत आयातदाराचे नाव येण्याची शक्यता सर्वांत जास्त.

चिठ्ठी सोलू नका. तिच्यावर सेलोटेपही नको. त्याचा गोंद दहा-पंधरा वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो.

माझ्या छोट्या स्टेशनचे छत वाकले आहे आणि व्हिनेगरसारखा वास येतो. प्लॅस्टिक कोणते? (दादर)

वासावरून सेल्युलोज अॅसिटेट. खात्री करायची तर आधीच निखळलेला तुकडा घ्या. १०० मिली पाण्यात ३० ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा, तुकडा बोटाने बुडवून त्याला चिकटलेले बुडबुडे झटका आणि सोडा. पॉलिस्टायरीन तरंगते, अॅसिटेट बुडते. बुडबुडे राहिले तर अॅसिटेटही तरंगून चकवते. तापलेल्या सुईची चाचणी अजिबात करू नका; तुकडा सेल्युलॉइडचा निघाला तर भडकतो. वाकलेले छत गरम पाण्याने सरळ करायला जाऊ नका, ते आकसलेले असते आणि भिंतींवर पुन्हा बसत नाही. हवाबंद डब्यातही ठेवू नका, सुटणारे आम्ल आतच कोंडून बाकीचे भागही बिघडवते. इतर मालापासून दूर, सच्छिद्र पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा आणि पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या दर पंधरा दिवसांनी बदला.

माझ्या खोक्यावर इंग्लिश कंपनीचे नाव, पुढे ‘लिमिटेड’ आणि किंमत १२/६ आहे. कंपनीचे पुढे काय झाले? (मुलुंड)

शिलिंग-पेन्समधली किंमत, म्हणजे १५ फेब्रुवारी १९७१ च्या आतली. नाव ‘लंडन गॅझेट’ या ब्रिटिश सरकारी राजपत्राच्या मोफत संग्रहात अवतरणचिन्हांत टाकून शोधा, कंपनी गुंडाळल्याची सूचना तिथे छापली जाई. बंद पडलेल्या कंपन्यांपैकी काहींच्या फायली लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात ‘बीटी ३१’ या मालिकेत आहेत. फाईल सापडली तर संचालकांची नावे घेऊन पेटंटांच्या यादीत पुन्हा शोधा. छोट्या कारखान्यांत पेटंट बरेचदा कंपनीच्या नव्हे, मालकाच्या नावावर असे.