पोलोसाठी एफडी मोडावी का?

प्रश्न : आम्ही मुलुंडला राहतो. दोघांचा मिळून हातात येणारा पगार १,३५,००० रुपये. गृहकर्जाचा हप्ता ३८,०००, मुलांच्या फीसह घरखर्च ४८,०००, विम्याचे हप्ते महिन्याला सरासरी ५,००० आणि एसआयपी १८,०००. एफडीत साडेपाच लाख आहेत, आरडीचे २.४ लाख नुकतेच हातात आले आहेत. घरात दोन मुलं (१३ आणि ८ वर्षं) आणि गुडघेदुखीची आई. कामाला लोकलनेच जातो. गाडी शनिवार-रविवारसाठी, महिन्यातून एकदा पुण्याला आणि सुट्टीत कोकणात. महिन्याला साधारण ७०० किलोमीटर होतील. दोन गाड्या बघून ठेवल्या आहेत. २०१८ ची पोलो जीटी टीएसआय, ऑटोमॅटिक, पुण्याचं पासिंग, दुसरा मालक, ५८,००० किलोमीटर, ६.१ लाख. दुसरी २०२१ ची स्विफ्ट झेडएक्सआय, मॅन्युअल, मुंबईचीच, पहिला मालक, ४१,००० किलोमीटर, ५.४ लाख. मला पोलो चालवायला फार आवडली. एफडीतले ३.७ लाख आणि आरडी मिळून रोखीने घेतली तर व्याज वाचेल. बायको म्हणते स्विफ्ट घ्या. काय करावं?

उत्तर : आधी निर्णय सांगतो, कारणं मागून. एफडी मोडू नका आणि ही पोलो घेऊ नका. स्विफ्टला माझा होकार आहे, पण तो तुमच्या आईंच्या गुडघ्यावर अवलंबून आहे. त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

एफडीचं आधी. हप्ता, घरखर्च आणि विमा मिळून तुमचा न चुकणारा खर्च ९१,००० रुपये आहे. सहा महिन्यांचे होतात ५.४६ लाख. म्हणजे तुमची एफडी ही बचत नाहीच, तो घरचा आपत्कालीन निधी आहे आणि बरोबर मापाचा आहे. त्यातून ३.७ लाख काढले की उरतात १.८ लाख, जेमतेम दोन महिन्यांचे. एकाची नोकरी गेली किंवा आईंचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, तर तेव्हा मिळणारं कर्ज हे गाडीच्या कर्जापेक्षा महाग असेल. व्याज वाचवायला निघून व्याजातच अडकायचं, असं होईल.

पोलोबद्दल तुमची आवड चुकलेली नाही. स्टिअरिंगचा जडपणा, शंभराच्या वेगात रस्त्याला चिकटून राहणं, १०५ पीएस (पीएस म्हणजे इंजिनाच्या ताकदीचं माप) आणि १७५ न्यूटन-मीटर ओढीचं टर्बो इंजिन, या किमतीत असा अनुभव क्वचितच मिळतो. अडचण आहे ती गिअरबॉक्सची. २०१८ च्या जीटी टीएसआयमध्ये सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे, डीक्यू२०० नावाचा. त्याचे दोन्ही क्लच कोरडे असतात, तेलात बुडालेले नसतात. मोकळ्या रस्त्यावर तो लोण्यासारखा चालतो. पण भांडुप ते मुलुंड एलबीएस रोडवर संध्याकाळी गाडी चालण्याच्या वेगाने सरकते, तेव्हा क्लच सतत अर्धवट लागलेला राहतो, तापतो आणि झिजतो. त्याच्या जोडीला मेकॅट्रॉनिक युनिट, म्हणजे गिअर बदलणारा हायड्रॉलिक-इलेक्ट्रॉनिक भाग. तो बिघडला की सम किंवा विषम गिअर एकदम गायब होतात, कधी गाडी जागची हलत नाही. हे युनिट बदलायचं तर बिल लाखाच्या वर जातं, आणि क्लच संच वेगळा. गाडी आठेक वर्षांची, वॉरंटी संपलेली, आधीच दोन हातांतून गेलेली. म्हणून तिची किंमत ६.१ नव्हे, ६.१ अधिक दीड लाखाची तयारी अशी धरा. हा दीड लाख खर्च होईलच असं नाही, पण बाजूला काढलेला असायलाच हवा. तुमच्याकडे तो नाही.

पोलोशिवाय चैन पडणारच नसेल, तर मार्च २०२० नंतरची १.० टीएसआय मॅन्युअल शोधा. ११० पीएस, साधा क्लच, आणि ९९९ सीसीचं इंजिन असल्याने थर्ड पार्टी विम्याचा दरही खालच्या गटातला (२०२२ च्या दरपत्रकात १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, त्यावर १५०० सीसीपर्यंत ३,४१६). कंपनीने पोलोचं उत्पादन २०२२ मध्ये थांबवलं. सर्व्हिस आणि नेहमीचे सुटे भाग मिळतात. मागे मात्र पाय अवघडतात. पाच माणसांच्या घरात ही तक्रार रोजची होते.

आता स्विफ्ट. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिला ९० पीएसचं नवं ड्युअलजेट इंजिन आलं, आधीचं ८३ पीएसचं होतं. तुम्हाला दाखवलेली गाडी त्या वर्षाच्या सुरुवातीची असेल, तर आरसीवरचा उत्पादनाचा महिना बघा. जानेवारीची निघाली तर जुनं इंजिन आहे आणि भाव त्याप्रमाणे पडायला हवा. गाडीचं वजन नऊशे किलोच्या आसपास, त्यामुळे शहरात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ती चपळ वाटते. चालवण्याची मजा या किमतीत हलक्या गाडीत आणि हाताच्या गिअरमध्ये शोधावी. तिथे बिघडलं तरी दहा-पंधरा हजारांत निभावतं.

तिच्यात दोन गोष्टी मला खटकतात. एक, सुरक्षितता. ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक-चाचणीत या पिढीच्या स्विफ्टला २०१८ मध्ये दोन तारे मिळाले, २०२२ मध्ये कडक झालेल्या नियमांखाली एकच. पोलोला २०१४ मध्ये चार होते, टाटा अल्ट्रोझला २०२० मध्ये पाच. महिन्यातून एकदा सगळं घर घेऊन एक्स्प्रेसवेला लागणाऱ्याने हा आकडा नजरेआड करू नये. दुसरी, मागची सीट. स्विफ्टच्या मागच्या दाराची मूठ वर, खिडकीच्या मागच्या खांबात लपवलेली आहे. आठ वर्षांच्या मुलाचा हात तिथे नीट पोचत नाही, आणि आईंना हात उंच करून दार ओढावं लागेल. सीट खोल, खिडकी लहान. म्हणून आईंना घेऊन जा. दार त्यांनी स्वतः उघडावं, बसावं, पंधरा मिनिटं बसून राहावं, मग उठावं. उठताना दाराच्या चौकटीला धरून जोर लावावा लागला तर ही गाडी तुमची नाही. मग अल्ट्रोझ बघा. दारं जवळजवळ काटकोनात उघडतात, डिकी ३४५ लिटरची (स्विफ्टची २६८). साधं १.२ पेट्रोल आळशी आहे. जानेवारी २०२१ पासून मिळू लागलेली ११० पीएसची आय-टर्बो (टर्बो इंजिनाची अल्ट्रोझ) मॅन्युअल मिळाली तर तुमचंही समाधान होईल. फक्त टचस्क्रीन, सेन्सर आणि काचांची बटणं एकूण एक चालवून बघा.

भावाबद्दल. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा कर २९ वरून १८ टक्क्यांवर आला. करकपात पूर्ण पोचवली तर शोरूमचा भाव साधारण साडेआठ टक्के खाली येतो. जुन्या गाडीचा भाव नव्या भावाला टांगलेला असतो, पण विकणारे अजून जुनीच मोजपट्टी लावतात. त्याच व्हेरिएंटचा आजचा शोरूम भाव कागदावर लिहून न्या. ५.४ सांगितले आहेत, ५.२ ला सौदा व्हायला हवा.

हिशेब ५.२ लाखांचा मांडतो. आरडीच्या २.४ लाखांतून २५,००० विमा आणि नावावर करण्याच्या खर्चाला, ५५,००० पहिल्या वर्षाच्या कामांना. ही रक्कम अतिरिक्त वाटेल, पण २०२१ चे टायर अजून तेच असतील तर चार टायरचेच वीस हजारांच्या वर जातात, शिवाय बॅटरी, ब्रेक पॅड, सगळी तेलं, एसीचं काम. राहिलेले १.६ लाख डाउन पेमेंट, ३.६ लाख कर्ज. १३ टक्के दराने तीन वर्षांचा हप्ता सुमारे १२,१३० रुपये, एकूण व्याज ७६,७०० च्या आसपास. तेच पाच वर्षांवर नेलं तर हप्ता ८,१९० होतो, पण व्याज १,३१,००० च्या पुढे. तीनच वर्षं घ्या.

गाडीचा चालता खर्च धरलात का? पत्रात कुठे दिसला नाही. लिटरला १०४ रुपये आणि १४ चं मायलेज धरलं तर पेट्रोल ५,२००, विमा १,०००, सर्व्हिस आणि किरकोळ कामं १,२००, सोसायटीचं पार्किंग अंदाजे १,५००, टोल ७००. (मुंबईच्या वेशीवरचा टोल ऑक्टोबर २०२४ पासून छोट्या गाड्यांना माफ आहे, एक्स्प्रेसवेचा एका बाजूचा ३२० रुपयांचा टोल मात्र माफ नाही.) एकूण ९,६००. तुमच्याकडे महिन्याला २६,००० उरतात. त्यातून हे आणि हप्ता वजा जाता ४,२७०. ओढाताण नाही, पण ऐसपैसही नाही. एसआयपी थांबवायची वेळ येऊ नये एवढं नक्की जमतं. एफडीचा उपयोग करायचाच तर मोडण्याऐवजी तिच्यावर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे एफडी तारण ठेवून बँकेची उचल घ्या. दर एफडीच्या व्याजापेक्षा एक-दोन टक्केच जास्त असतो. दीड लाख तिथून उचलले तर तीन वर्षांत बारा हजारांच्या आसपास वाचतात. त्याहून जास्त उचलू नका.

कर्ज देणाऱ्याने 'फक्त आठ टक्के' म्हटलं तर विचारा, फ्लॅट (व्याज शेवटपर्यंत पूर्ण मूळ रकमेवर) की रिड्यूसिंग (फक्त उरलेल्या रकमेवर)? चार लाखांवर तीन वर्षं फ्लॅट आठ टक्के म्हणजे प्रत्यक्षात साडेचौदाच्या वर. मुदतपूर्व फेडीचा दंडही लेखी विचारा. आणि कर्ज बँकेच्या मूल्यांकनावर मिळतं, तुमच्या सौद्याच्या किमतीवर नाही. मधली तफावत खिशातून जाते.

तपासणीला सकाळी जा आणि आधी बॉनेटला हात लावा. गरम असेल तर गाडी तुमच्यासाठी आधीच चालू करून ठेवली आहे, थंड इंजिनाची खरखर तुम्हाला ऐकू येणार नाही. परत या म्हणाले तर दुसऱ्या दिवशी जा. मुंबई-ठाण्याच्या गाडीत पहिला संशय पावसाच्या पाण्याचा. मागचा सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा; पाणी शिरलेल्या गाडीत आतल्या हातभर पट्ट्यावर मातकट रेघ राहते, कारण धुणारा तिथपर्यंत पोचत नाही. स्टेपनी उचलून खालचा खड्डा बघा, पुढच्या सीटच्या रुळांचे बोल्ट बघा, डॅशबोर्डखालच्या फ्यूज बॉक्समध्ये कनेक्टरवर हिरवट गंज आहे का बघा. हिरवं दिसलं की किंमत न विचारता निघून या. अशा गाडीत वायरिंगचे रोग पुढची दोन वर्षं एकेक करून बाहेर पडतात.

सगळ्या काचांवरचे उत्पादनाचे आकडे एकाच वर्षाचे हवेत. बॉनेट आणि पुढच्या मडगार्डच्या बोल्टवरचा रंग उडाला असेल तर पत्रा खोलला गेला आहे. टायरवरचे शेवटचे चार आकडे, उदाहरणार्थ २३२१, म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. किलोमीटर ४१,००० आणि क्लच पेडलचं रबर गुळगुळीत, हे जुळत नाही; नंबर देऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून इतिहास काढा. चालवताना चौथ्या गिअरमध्ये चाळीसवर पूर्ण ॲक्सिलरेटर दाबा. आरपीएमचा काटा चढला आणि वेग तसाच राहिला तर क्लच प्लेट संपली. यासाठी स्वतःचा मेकॅनिक न्या, स्कॅनरसकट. विकणाऱ्याचा मेकॅनिक विकणाऱ्याचाच असतो.

कागदांत वाहन पोर्टलवर मालकाचा क्रमांक, बँकेचा बोजा, विमा आणि पीयूसी, आणि वेगळी ई-चलानं बघा. बोजा असेल तर बाकी रक्कम मालकाच्या हातात न देता थेट त्याच्या कर्जखात्यात भरा, बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ घ्या. मालकी बदलण्याला फॉर्म २९ आणि ३०. पुण्याच्या गाडीला तिथल्या आरटीओची एनओसी लागते का, ते आधी विचारून घ्या; राज्यातली गाडी असल्याने कर पुन्हा नाही. स्वस्तात मिळणाऱ्या दिल्ली पासिंगच्या गाड्यांना तो इथे भरावा लागतो, म्हणून त्यांच्या वाटेला जाऊ नका. गाडी एप्रिल २०१९ आधीची असेल तर एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लागलेली हवी.

विमा चौदा दिवसांत नावावर करायचा अर्ज द्या. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) त्याच्याबरोबर जातो, फरकाची रक्कम तुम्हाला भरावी लागते. आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, तुमच्या खरेदी किमतीच्या शक्य तितकी जवळ ठेवायला सांगा, गाडी चोरीला गेली तर तेवढेच पैसे मिळतात. आणि मुंबईत इंजिन प्रोटेक्ट हे विम्याचं जोड-संरक्षण घ्याच, पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करायला गेलं की इंजिन जातं आणि साध्या पॉलिसीत ते बसत नाही.

टोकन दहा हजारांपेक्षा जास्त देऊ नका; कागद किंवा तपासणीत खोट निघाली तर परत, असं लेखी घ्या. चावी घेण्याआधी विकणाऱ्याला त्याचा फास्टॅग बंद करायला लावा. तो चालू असेपर्यंत तुम्हाला त्या नंबरवर नवा मिळणार नाही, आणि तुमच्या पुण्याच्या फेऱ्यांचे पैसे त्याच्या खात्यातून जातील.